आराखड्याबरोबर त्यामागचं गणितही खुलं करा

घोडबंदर रस्त्याला एखादा भूखंड विक्रीला निघाला, की जाहिरातीचा फलक लागायच्या आधीच त्यावर कितीतरी इमारती उभ्या राहून पुसल्याही गेलेल्या असतात. विकासकाच्या आर्किटेक्टकडे संगणकावर भूखंडाची हद्द असते, समोरच्या रस्त्याची रुंदी असते. मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण), अधिमूल्य भरून मिळणारा एफएसआय, विकत घेता येईल तो टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क), सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंगचा नियम, वन बीएचके किती आणि टू बीएचके किती, हे सगळं भरलेलं असतं. यातला एक आकडा हलवला की मजले वाढतात, जिना सरकतो, विक्रीयोग्य क्षेत्र बदलतं आणि तळाशी नफ्याचा आकडा बदलतो. भराभर पर्याय तपासायचे आणि त्यातला किफायतशीर उचलायचा. या पद्धतीला पॅरामेट्रिक डिझाइन म्हणतात. इथे आकार थेट काढत नाहीत. आधी नियम आणि त्यांतले बदलते आकडे ठरवतात, आकार त्यांच्यातून निघतो.

त्याच भूखंडाला लागून जाणारा विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता, त्याच्या पोटातलं गटार, पलीकडचं शाळेचं आरक्षण हे मात्र वीस वर्षांसाठी एकदा आखलं की आखलं. नकाशावर रेघ उमटते. ती तिथूनच का गेली, दहा मीटर अलीकडून गेली असती तर कोणाची घरं वाचली असती, याचं उत्तर नकाशासोबत येत नाही. खासगी भूखंडाचा मालक शंभर पर्याय तपासून निर्णय घेतो आणि लाखो लोकांचं शहर एकाच पर्यायावर चालतं, हे मला मान्य नाही. पॅरामेट्रिक डिझाइन हे ठाणे आणि नवी मुंबईच्या सार्वजनिक नियोजनाचं रोजचं साधन व्हायला हवं. पण एका अटीवर: त्यातले नियम, आकडे आणि कोणत्या गोष्टीला किती वजन दिलं ते आराखड्याइतकंच उघड असलं पाहिजे. ही अट पाळायची नसेल, तर हे साधन आणूच नये.

या विषयाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वळणदार, लाटांसारखी छपरं येतात. त्याला कारण आहे. वास्तुविशारद झाहा हदीद यांच्या कार्यालयातले पॅट्रिक शुमाखर यांनी २००८ साली पॅरामेट्रिसिझम हे नाव देऊन ती एक शैली म्हणून मांडली, आणि शैली म्हणूनच ती जगभर पोचली. त्याच कार्यालयाने आखलेलं, कमळाच्या पाकळ्यांची कल्पना घेऊन उभं राहिलेलं टर्मिनल आता आपल्या नवी मुंबई विमानतळावर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. इमारत देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र त्याच विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. छपराच्या वक्रतेसाठी जेवढी बारकाईने आकडेमोड होते, तेवढी नदी वळवल्यावर आजूबाजूच्या गावांत पाणी कुठे चढेल याची लोकांना दिसेल अशा रीतीने व्हायला हवी होती. साधनाची खरी गरज तिथे होती.

शैली बाजूला ठेवली, तर ही विचारपद्धत संगणकाहून जुनी आहे. इटलीचे वास्तुविशारद लुईजी मोरेत्ती यांनी १९६० च्या मिलान प्रदर्शनात स्टेडियमची मॉडेल्स ठेवली होती. प्रेक्षकाला कोणत्या कोनातून खेळ नीट दिसतो यावरून त्यांचा आकार काढला होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८५९ साली इल्देफोन्स सेर्दा यांनी बार्सिलोनाचा विस्तार आखला. साधारण ११३ मीटरचे चौक, २० मीटरचे रस्ते, इमारतींच्या उंचीला मर्यादा, चौकाच्या पोटात बाग. हे आकडे उजेड, हवा आणि आरोग्याच्या हिशेबातून आले होते. पुढे काय झालं? जमिनीला भाव आला, उंचीची मर्यादा टप्प्याटप्प्याने वर सरकली, चौकांच्या पोटातल्या बागा बांधकामाने भरल्या. रस्त्यांची जाळी आजही तशीच दिसते, पण तिला अर्थ देणारे आकडे एकेक करून बदलले गेले. नियमाधारित नियोजनाची ताकद आणि धोका दोन्ही यात आहेत: रेघ न हलवताही शहर बदलता येतं.

आपल्याकडचं उदाहरण तर हाकेच्या अंतरावर आहे. सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ते १९८३ ते ८६ या काळात उभं केलं. त्यामागचा नियम तोंडी सांगता येईल इतका सोपा: सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती, असे तीन समूह मिळून एकवीस घरं, त्यांच्या मधे जरा मोठं मोकळं आवार, मग अशांचा आणखी मोठा समूह, त्याला आणखी मोठी जागा. कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर, उत्पन्न कमी असो की बरं, जागेत फार फरक नाही. आज तिथे फिरलं तर मूळची उतरत्या कौलांची बैठी घरं कमीच उरलेली दिसतात. लोकांनी मजले चढवले, काहींनी पाडून नवीन बांधलं. कित्येक आर्किटेक्ट त्यावर हळहळतात. मला उलट वाटतं. घरं बदलली, तरी अंगणं बऱ्याच ठिकाणी टिकली. मुलं अजून तिथे खेळतात, तुळस तिथेच आहे. काय पक्कं ठेवायचं आणि काय लोकांवर सोडायचं, हे नियम करतानाच ठरलं होतं. चांगल्या नियमाकडून मला हेच हवं आहे.

आता आपले आजचे नियम बघा. २०२० साली राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही तिच्याखाली येतात. रस्ता जितका रुंद, तितका टीडीआर जास्त. इमारत उंच, तर सामासिक अंतर जास्त. अधिमूल्य भरा, एफएसआय घ्या. ही नियमावली म्हणजे एक भलंमोठं पॅरामेट्रिक मॉडेलच आहे, आणि आपली शहरं त्यातूनच रोज घडत आहेत. फक्त त्यात जे आकडे बसवले आहेत ते जमिनीच्या वापराचे आहेत. गटाराची क्षमता त्यात नाही. शाळेत किती जागा शिल्लक आहेत, ते नाही. ठाणे स्थानकाच्या पुलावर सकाळी साडेआठला पाय ठेवायला जागा मिळते का, तेही नाही. पाच भूखंडांवर पाच टॉवर नियमात बसतात, प्रत्येकाची फाइल स्वच्छ असते आणि पाचांचा मिळून भार वाहणारा रस्ता मात्र कोणाच्याच फायलीत नसतो.

उन्हाचंच घ्या. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. म्हणजे ७० मीटर उंच, तेवीस मजली इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे ६४ मीटर पडते, आणि तीही दिवसातली सर्वांत आखूड सावली. आपल्या दोन टॉवरमधलं अंतर याच्या आसपासही नसतं. उत्तरेकडच्या इमारतीच्या खालच्या मजल्यांना हिवाळ्यात ऊन मिळणार नाही, हे इमारत उभी राहायच्या आधी दहावीच्या त्रिकोणमितीने सांगता येतं. गोवंडी-मानखुर्दमधल्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या गेल्या, की तिथल्या क्षयरोगाचा संबंध अभ्यासकांनी उजेड-वाऱ्याच्या अभावाशी जोडला. ठाण्यात किसननगरपासून समूह विकास योजना म्हणजे क्लस्टर सुरू झालं आहे. जुन्या, धोकादायक इमारतींतल्या लोकांना पक्कं घर मिळालंच पाहिजे. २०१३ साली शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडची इमारत कोसळून ७४ माणसं गेली, ते ठाणेकर विसरलेले नाहीत. पण त्या घराच्या खिडकीत डिसेंबरात किमान दोन तास ऊन यावं, ही अट एफएसआयच्या आकड्याशेजारी मॉडेलमध्ये बसवता येते. तशी बसवली, तर पुनर्वसनाचा खर्च भागवणाऱ्या विक्रीच्या इमारती कुठे सरकवाव्या लागतात, किती मजले कमी होतात, पैशांचं गणित कुठे ताणलं जातं, हे सगळं त्याच दिवशी समोर येईल. परवडत नसेल तर तेही उघडपणे बोलू. आज ही अट टेबलावरच येत नाही.

पण माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग पाण्यासाठी आहे, आणि त्यासाठी नवी मुंबईइतकं योग्य शहर दुसरं नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० साली ते शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि ३४४ चौरस किलोमीटरमधला खाडीकाठचा सखल भाग वसवताना भराव फार उंच न करता धारण तलावांवर भिस्त ठेवली गेली. नाल्याचं पाणी खाडीला मिळण्याआधी एका तलावात येतं. तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते, शहराचं पावसाचं पाणी तलावात साठत राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. मी याला या शहरातलं सर्वांत हुशार बांधकाम म्हणेन.

या हुशारीचा सगळा डोलारा मात्र काही आकड्यांवर उभा आहे, आणि ते आकडे गेल्या चार दशकांत हलले. एक हेक्टर जमिनीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर पाणी होतं. जमीन मातीची, गवताची असेल तर त्यातलं ढोबळमानाने ३० टक्के वाहून नाल्यात येतं. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक असतील तर ९० टक्क्यांच्या घरात. म्हणजे तोच पाऊस, तोच नाला, आणि पाणी तिप्पट. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि निम्मं पाणी वाहून येईल, असं धरून बांधल्या होत्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर ते आकडे बदलण्याच्या कामाला जोर आला. आता तलावाकडे वळा. समजा तलाव दहा हेक्टरचा आहे आणि त्यात मीटरभर गाळ साचला. एक लाख घनमीटर जागा गेली. शंभर हेक्टरच्या फरसबंद वस्तीतून अशा पावसात तासाला ४५,००० घनमीटर पाणी येतं, म्हणजे दोन तासांहून अधिक मुसळधार पावसाची जागा गाळाने खाल्ली. भरती नेमकी त्याच दोन तासांत आली, की ते पाणी तळमजल्यांत शिरतं.

गाळात कांदळवन रुजलं, हा पुढचा पेच. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवन तोडायचं तर सार्वजनिक हित दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. याच खाडीत फ्लेमिंगो उतरतात, ठाणे खाडीला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. त्यामुळे दरवर्षी पावसाळ्यात तोच वाद होतो: एक बाजू म्हणते गाळ काढा, दुसरी म्हणते तिवरांना हात लावू नका. दोघंही खरं बोलतात आणि दोघांकडेही आकडे नसतात. तलावाचा नेमका कोणता भाग खोल केला तर किती क्षमता परत मिळते? तेवढीच क्षमता वरच्या सेक्टरमधल्या मैदानांखाली टाक्या करून, पार्किंगची फरशी झिरपणारी करून मिळवता येईल का? पारसिकच्या डोंगरउतारावरची झाडं तोडली तर तलावाची क्षमता किती घटते? मॉडेलमध्ये हे सगळे आकडे एकमेकांना बांधलेले असले, की रहिवासी आणि पक्षीप्रेमी एकाच पडद्यासमोर बसून बोलू शकतात. वाद संपणार नाही. तो निदान घनमीटरमध्ये होईल, आणि पाणथळ जागेवर नवा प्रकल्प आणणाऱ्यालाही त्याच घनमीटरमध्ये उत्तर द्यावं लागेल.

विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रातही (विमानतळाच्या प्रभावाखालचं म्हणून अधिसूचित केलेला भाग) हेच लागू आहे. तिथे नगररचना योजना राबवल्या जात आहेत: शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-मैदानं काढायची आणि मालकाला ४० टक्के विकसित भूखंड परत द्यायचा. शेतकऱ्यांचा रोष टक्क्यांवर आहे, आणि तेवढाच 'माझी जमीन इथे, भूखंड तिकडे का' यावरही आहे. मूळ जमिनीपासूनचं अंतर, रस्त्याला लागलेली बाजू, राहतं घर, विहीर, आंब्याची झाडं हे सगळं सांभाळून तुकडे पाडणं हे हाताने करायला अतिशय किचकट काम आहे. नेमकं याच कामात संगणक हजारो मांडण्या तपासू शकतो. ज्याला दूरचा भूखंड मिळाला त्याला दुसऱ्या कोणत्या मांडणीत जवळचा मिळत होता आणि ती का नाकारली, हे विचारायचा हक्क मिळेल. १९८४ साली उरण तालुक्यात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी जीव दिल्यावर, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. ज्या भूमीत जमिनीच्या टक्क्याला ही किंमत मोजली गेली, तिथे वाटपाचं गणित बंद खोलीत राहता कामा नये.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते वजनदार आहेत. मॉडेलला जे मोजून दिलं नाही ते त्याच्या लेखी नसतंच. दिवाळे, सारसोळे, करावे, ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा इथल्या माणसांची होडी लावायची जागा, जाळी वाळवायची मोकळी जमीन, खाडीत जायची वाट यांची नोंद बहुतेक सरकारी नकाशांत नाही. गावठाणांच्या हद्दी अजून वादात आहेत, गावकऱ्यांनी परवानगीविना गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न लोंबकळतो आहे. नकाशावर मोकळी दिसणारी जागा मॉडेल बेधडक रस्त्याला देऊन टाकेल आणि वर 'संगणकाने काढलं' असा शिक्का बसेल. हा शिक्का मला सर्वांत धोक्याचा वाटतो. अधिकाऱ्याने काढलेल्या रेघेशी भांडता येतं. गणिताने काढली म्हटलं की सामान्य माणूस गप्प बसतो. शाळा चारशे मीटरवर हवी की रस्ता तीस मीटरचा हवा, यातलं कशाला जास्त वजन द्यायचं हे गणित ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि ते राजकारण आहे. त्याची जागा महापालिकेच्या सभागृहात आहे, सल्लागार कंपनीच्या फाइलमध्ये नाही.

मालकीचा प्रश्नही तितकाच खरा आहे. टोरांटोच्या किनाऱ्यावर गूगलच्या भगिनी कंपनीने, साइडवॉक लॅब्जने, आकड्यांवर चालणारी नवी वस्ती आखली होती. माहिती कोणाची, तिच्यावर ताबा कोणाचा, यावरून नागरिकांनी तिथे मोठा लढा दिला आणि मे २०२० मध्ये आर्थिक अनिश्चितता पुढे करून कंपनीने प्रकल्प सोडला. आपल्याकडे तर आराखड्याचं काम निविदा काढून बाहेर देण्याची पद्धत रुळलेली आहे. मॉडेल सल्लागाराचं, सॉफ्टवेअरचा परवाना त्याचा, मुदत संपली की आकडे त्याच्यासोबत गेले, असं झालं तर शहर आपलंच गणित विकत घेत बसेल.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. नवी मुंबईचा प्रारूप आराखडा २०२२ मध्ये आणि ठाण्याचा २०२४ मध्ये लोकांपुढे आला, तेव्हा दोन्ही महापालिकांत प्रशासक होते. लोकांनी रांगा लावून हरकती दिल्या. पण हरकतदाराच्या हातात असतं ते फक्त 'नको'. रस्ता माझ्या घरावरून नको. पर्याय काढायला त्याच्याकडे ना नकाशाची मूळ फाइल, ना रहदारीचे आकडे. सुनावणीला गेलेल्या माणसाचं चित्र मी जवळून पाहिलं आहे. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सात-बारा, कर पावती आणि नकाशाची रंगीत झेरॉक्स, तिच्यावर पेनाने केलेली खूण. तो खूण दाखवतो, समोरचे मान डोलावतात, पुढचं नाव पुकारलं जातं. रस्ता तीन मीटरने अरुंद केला तर बंब जाईल का आणि किती घरं वाचतील, हा साधा प्रश्न त्या टेबलावर कोणी सोडवून दाखवत नाही. मॉडेल तिथे असतं, तर मिनिटभरात दाखवता आला असता.

तेव्हा यापुढे आराखड्यासोबत त्यामागचे नियम, आकडे आणि दिलेली वजनं मराठीत, वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध व्हावीत. वजनं आधी प्रभागांत चर्चेला यावीत, मग सर्वसाधारण सभेत मतदानाने ठरावीत. कोळीवाडे आणि गावठाणांची मोजणी तिथल्या लोकांना सोबत घेऊन आधी पूर्ण व्हावी, नंतर मॉडेल चालावं. सुनावणीच्या टेबलावर ते उघडं असावं आणि हरकतदाराने सुचवलेला पर्याय तिथल्या तिथे चालवून त्याचा निकाल लेखी मिळावा. मॉडेल आणि माहिती महापालिकेच्या मालकीची राहील, हे निविदेच्या अटीतच असावं.

एवढं सगळं एकदम होणार नाही, हे दिसतंच आहे. मग एका धारण तलावापासून सुरुवात करा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलेलं असतं. नवी मुंबईत बेलापूर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, दिघा इथला पाऊस वेगवेगळा मोजला जातो. कोणत्या सेक्टरमध्ये किती बांधकामाला परवानगी दिली, ते नगररचना विभागाला ठाऊक आहे. राहता राहिली तलावाची खोली. ती एका उन्हाळ्यात मोजून होते. बेलापूर किंवा वाशीच्या एका तलावाचं मॉडेल मे महिन्यात लोकांसमोर ठेवा, आणि त्या तलावावर पाणी सोडणाऱ्या सेक्टरमधला पुढचा प्रत्येक जादा एफएसआय त्यावर तपासूनच मंजूर करा.